दाहक पाण्याचे भांडे

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय क्षार कसा करावा हे सांगतो. मोख्याचे झाड तोडायचे, वारा लागणार नाही अशा जागी त्याच्या तुकड्यांची रास रचायची आणि चुनखडीसकट जाळायची. राख सहापट पाण्यात कालवून एकवीस वेळा गाळायची. ते पाणी मोठ्या कढईत पळीने ढवळत आटवायचे. मग भाजून लाल केलेली चुनखडी आणि शंख त्याच पाण्यात विझवून, वाटून, पुन्हा त्यात घालायचे. मूळव्याध आणि भगंदरावर लावायचा हा क्षार, त्यामुळे तो मांस जाळण्याइतका तीव्र हवा. एवढा खटाटोप सांगून झाल्यावर सुश्रुत शेवटी एक सूचना करतो: तयार क्षार लोखंडी घटात, तोंड झाकून, जपून ठेवावा.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड काढला, त्यात या कृतीची त्यांनी आवर्जून दखल घेतली. राखेतून निघणारा क्षार मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे सौम्य. चुन्याशी त्याची गाठ पडली की त्यातला कर्बवायूचा अंश चुना ओढून घेतो आणि मागे दाहक पोटॅश उरते. युरोपात या फरकाचे कारण जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश वैद्य-रसायनज्ञाने १७५६ च्या निबंधात उलगडले. सौम्य क्षारात एक वायू बांधलेला असतो, तो काढला की क्षार दाहक होतो, आणि उघडा ठेवला तर हवेतून तोच वायू पुन्हा घेऊन सौम्य होतो. सुश्रुताला वायूची कल्पना नव्हती, पण परिणाम माहीत होता. झाकण लावायला तो सांगतो आणि क्षाराचे बळ उतरले तर त्यात पुन्हा क्षारोदक घाला, हेही सांगतो. लोखंडाची निवडही अचूक होती. तीव्र क्षारात लोखंडावर एक पातळ थर धरतो आणि गंजणे जवळपास थांबते.

लोखंड, झाकण आणि जपणूक. घरगुती साबणासाठी कॉस्टिकचे, म्हणजे दाहक क्षाराचे, पाणी (इंग्रजीत ‘लाय’) कशात ठेवायचे, हा आज प्रश्न पडतो तेव्हा त्याचे उत्तरही याच तीन अंगांनी द्यावे लागते. पहिली दोन अंगे रसायनशास्त्राची आहेत आणि ती बऱ्यापैकी लवकर सुटली. तिसरे माणसांचे आहे. त्याकडे कारखानदार आणि कायदेकर्ते वळेपर्यंत विसावे शतक उजाडले, आणि तोवर किती लेकरांचे गळे जळाले याची मोजदाद नाही.

राखेचे पाणी हेच ‘लाय’ होते त्या काळात भांड्याचा प्रश्न फारसा बिकट नव्हता. अमेरिकेत वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांच्या परसात लाकडी फळ्यांचा उतरता हौद असे. त्याच्या तळाशी गवत, वर चुलीतली राख, आणि वरून ओतलेले पावसाचे पाणी खाली मडक्यात थेंब थेंब गळत राही. त्यात अंडे तरंगले की पाणी साबणाजोगे झाले असे समजायचे. नव्या अमेरिकन सरकारने ३१ जुलै १७९० रोजी पहिले पेटंट दिले, तेही सॅम्युएल हॉपकिन्स यांच्या पोटॅश करण्याच्या सुधारित पद्धतीला. इतकी त्या राखेला किंमत होती. लाकूड हे पाणी सहन करी, कारण ते सौम्य होते. चुना घालून तीव्र केलेल्या क्षारात लाकूड टिकत नाही. त्याचे तंतू सुटे होतात, आणि कागदाचा लगदा करण्याची एक जुनी रीत नेमकी यावरच उभी आहे.

चित्र बदलले ते सोडा कारखान्यात बनू लागल्यावर. निकोलस लेब्लांकने १७९१ साली फ्रान्समध्ये मिठापासून सोडा करण्याचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये जेम्स मस्प्रॅटने १८२३ मध्ये लिव्हरपूलला त्याच पद्धतीचा कारखाना काढला. पुढे या सोड्याला चुन्याची जोड देऊन घन कॉस्टिक सोडा निघू लागला. वितळलेला कॉस्टिक पातळ पत्र्याच्या लोखंडी पिंपात ओतायचा, तिथेच थिजू द्यायचा, पिंप बंद करून आगबोटीत चढवायचा. साबण कारखान्यातले कामगार पत्रा फाडून आतला पांढरा दगड घणाने फोडत. त्यांचे डोळे आणि हात कसे राहत असतील याची कल्पना करवत नाही. पण भांडे म्हणून पाहिले तर ते चोख होते. पुन्हा लोखंड, पुन्हा घट्ट बंद तोंड. १८९० च्या दशकात कास्टनर आणि केल्नर यांच्या पद्धतीने विजेच्या साहाय्याने मिठाच्या पाण्यापासून थेट कॉस्टिक निघू लागला, तो आणखी शुद्ध आणि आणखी स्वस्त.

स्वस्त झाला तसा तो स्वयंपाकघरात शिरला. चरबी साठवून घरीच साबण करणाऱ्या अमेरिकन बायकांसाठी लायचे छोटे डबे निघाले. १८५० मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झालेली पेनसिल्व्हेनिया सॉल्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी त्यांतली मोठी. तिचा कारखाना पिट्सबर्गच्या वरच्या अंगाला, अ‍ॅलेगेनी नदीकाठच्या नॅट्रोना गावी होता. राखेचा हौद परसात असे, लायचा डबा फडताळात आला. आतली भुकटी पांढरी, साखरेसारखी. पाण्यात विरघळवून वाटीत ठेवली तर पाण्यासारखीच दिसणारी. त्याच लायने मोरीचा नळ साफ करायचा, फरशी घासायची, म्हणून डबा हाताशी, खालच्याच फळीवर. विषाची खूण कुठेही नाही.

पिट्सबर्गमध्येच १८६५ साली जन्मलेले डॉ. शेवालिए जॅक्सन हे घशाचे डॉक्टर होते. अन्ननलिकेत उतरवायच्या दुर्बिणीचे तंत्र त्यांनी विकसित केले. मुलांच्या घशात अडकलेली नाणी, पिना, बटणे शस्त्रक्रियेविना काढणारे डॉक्टर म्हणून त्यांचे नाव जगभर झाले, आणि त्यांनी जपून ठेवलेल्या २,३७४ वस्तू आज फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात खणाखणांत मांडलेल्या आहेत. पण त्यांच्या मनाला सर्वांत जास्त लागलेली मुले वेगळीच होती. लाय गिळलेली मुले. ॲसिड बहुधा वरचा थर जाळते आणि तिथेच एक खपली धरते. कॉस्टिक मात्र मेदाचा साबण करत, प्रथिने विरघळवत आत आत शिरतो. मूल त्या दिवशी वाचले तरी काही आठवड्यांत जखम आकसते, अन्ननलिका चिंचोळी होते आणि घासच काय, पाणीही उतरत नाही. वर्षानुवर्षे नळी घालून ती वाट रुंद करत राहावी लागते.

१९३८ च्या आत्मचरित्रात जॅक्सन यांनी अशा एका मुलीची हकिगत लिहिली आहे. कोळशाच्या खाणींच्या भागातली गरिबाची पोर, लायने गळा मिटलेला, पाण्याचा घोट जात नव्हता. त्यांनी दुर्बिणीने अडकलेला गोळा काढला. तिला पाणी दिले. ते उतरले. मग तिने त्यांच्या हाताचे चुंबन घेतले. असा प्रसंग अनुभवलेल्या दुसऱ्या एखाद्या डॉक्टराने शस्त्रक्रियेतच आयुष्यभराचे समाधान मानले असते. जॅक्सन डब्याकडे वळले. त्यांचे म्हणणे साधे होते. लाय विकायला बंदी नको, साबण करणाऱ्या गरीब बाईला ती हवीच, पण डब्यावर ‘विष’ असे लिहा. एवढ्या मागणीसाठी ते वर्षानुवर्षे राज्याराज्यांच्या विधिमंडळांत खेटे घालत राहिले. अमेरिकन मेडिकल असोसिएशन त्यांच्या पाठीशी उभी राहिली. अखेर ४ मार्च १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या सहीने फेडरल कॉस्टिक पॉयझन ॲक्ट झाला. डब्यावर पदार्थाचे नाव, उत्पादकाचे नाव, ‘विष’ हा शब्द ठसठशीत मोठ्या टायपात, आणि अपघात झाल्यास काय उपचार करावा याची सूचना, एवढे बंधनकारक ठरले. मला हा कायदा भांड्यांच्या इतिहासातली मोठी घटना वाटतो. पत्रा तोच, आतली लाय तीच, पण डबा आता बोलू लागला.

विषाच्या बाटलीने बोलावे हा विचार औषधांच्या दुकानांत आधीच रुजला होता. ब्रिटनच्या १८५१ च्या कायद्याने सोमल, म्हणजे आर्सेनिक, किरकोळीने विकताना त्यात काजळी किंवा नीळ मिसळणे भाग पडले, म्हणजे ते पिठात वा साखरेत चुकून जाऊ नये. १८६८ च्या फार्मसी ॲक्टने विषाच्या बाटलीवर चिठ्ठी सक्तीची केली. त्याच सुमारास गर्द निळ्या किंवा हिरव्या काचेच्या, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या बाटल्या निघाल्या. रात्री अंधारात औषधाची बाटली चाचपणाऱ्याच्या बोटांना ते कंगोरे लागावेत आणि हात थांबावा, हा हेतू. किती माणुसकीने केलेली वस्तू आहे ही!

काच मात्र कॉस्टिकला पुरी पडत नाही. काच म्हणजे मुळात सिलिका, आणि तीव्र क्षार सिलिकेला हळूहळू खातो. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. कॉस्टिकच्या बाटलीला घासलेले काचेचे बूच लावले तर ते काही दिवसांत असे जाम बसते की बाटली फोडावी लागते. म्हणून तिला रबरी बूच लावायचे. कॉर्निंग कंपनीने १९१५ मध्ये पायरेक्स आणले. ते उष्णता सोसते, पण गरम क्षार त्यालाही झिजवतो, आणि वारंवार कॉस्टिक कालवलेला काचेचा जग एखाद्या दिवशी तडकतो. चिनी मातीच्या बरणीची झिलई ही काचेचीच बहीण, तेव्हा लोणच्याची बरणी या कामाला लावू नये.

यानंतरचा टप्पा मला फार आवडतो. इंग्लंडात चेशायर परगण्यात नॉर्थविचजवळ विनिंग्टन नावाची जागा आहे. तिथे ब्रुनर आणि मॉन्ड यांनी १८७३ मध्ये सोड्याचा मोठा कारखाना काढला. १९२६ मध्ये तो इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे आयसीआय, या नव्या कंपनीत विलीन झाला. क्षारावर पोसलेल्या याच आवारातल्या प्रयोगशाळेत मार्च १९३३ मध्ये एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन प्रचंड दाबाखाली इथिलीन आणि बेंझाल्डिहाइड यांची गाठ घालून पाहत होते. हवी ती अभिक्रिया झाली नाही. पात्राच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. तो पॉलिथिन. कर्ब आणि हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्यांखेरीज त्यात काही नाही, त्यामुळे क्षाराला धरायला जागाच सापडत नाही. ज्या जागेने जगाला टनावारी सोडा पुरवला तिथेच क्षाराला न जुमानणारा पदार्थ हाती लागावा, हा योगायोग आहे. पण इतिहासातले असे योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिले पॉलिथिन मऊ होते, उष्णतेने लवकर ढिले पडे. महायुद्धात ते रडारच्या तारांवर गेले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फिलिप्स पेट्रोलियमचे होगन आणि बँक्स, जर्मनीत मुल्हाइमचे कार्ल झीग्लर यांनी कमी दाबात घट्ट, कणखर पॉलिथिन करण्याच्या वाटा शोधल्या. इटलीत ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन बनवले. झीग्लर आणि नात्ता यांना १९६३ चे नोबेल मिळाले. आज बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा असतो ते घट्ट पॉलिथिन, एचडीपीई. ५ असतो ते पॉलिप्रॉपिलीन. हे आकडे १९८८ पासूनचे, प्लास्टिकच्या पुनर्वापरासाठी सुरू झालेले. साबण करणाऱ्याला मात्र ते वेगळ्याच कारणाने उपयोगी पडतात.

पाण्यात कॉस्टिक टाकला की पाणी ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत सहज तापते. त्या वेळी भांडे उष्णता सोसणारे हवे. पॉलिप्रॉपिलीनचा जाड जग किंवा स्टेनलेस स्टीलचे पातेले. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीही नाही. पूर्ण निवले की एचडीपीईच्या कॅनमध्ये ओतायचे. कारखान्यांतही तीव्र कॉस्टिक अशाच कॅनमधून आणि पिंपांतून येतो-जातो.

मराठी घरांत ज्या बाटलीकडे हात आधी जातो ती वेगळी असते. पाण्याची किंवा थंडपेयाची रिकामी बाटली, बुडाशी आकडा १. हे पेट. इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलेला पॉलिएस्टर, ज्याच्या बाटलीचे पेटंट १९७३ मध्ये नॅथॅनिएल वायेथ यांना मिळाले. पॉलिएस्टर म्हणजे एस्टर बंधांची माळ. तेलही एस्टरच. साबण होतो तो क्षाराने तेलातले एस्टर बंध तोडल्यावर. म्हणजे पेटच्या बाटलीत ठेवलेला कॉस्टिक तेलावर जी अभिक्रिया करतो तीच बाटलीवर करू लागतो. ती बाटली हळूहळू धूसर होते, ठिसूळ होते आणि एखाद्या दिवशी बुडाशी फुटते. कापड उद्योगात पॉलिएस्टरचा पोत रेशमासारखा मऊ करायला कॉस्टिकचाच वापर होतो, तेव्हा हे अनुमान नव्हे, रोजचे काम आहे. वीस लिटरचे पाण्याचे जार पेटचे नाहीतर पॉलिकार्बोनेटचे असतात. दोन्ही वर्ज्य.

धातूंत ॲल्युमिनियमचा धोका सर्वांत तातडीचा. कॉस्टिक त्याला फेसाळत खातो, हायड्रोजन सुटतो, भांडे तापते. जर्मन किंवा हिंडालियम म्हणून ओळखली जाणारी पातेली आपल्या स्वयंपाकघरांत भरपूर आहेत, त्यांना या कामापासून लांब ठेवावे. कल्हईचे कथील आणि बादलीवरचे जस्तही कॉस्टिकमध्ये विरघळते. आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो तो झाकणाचा. बाटली एचडीपीईची, पण झाकणाच्या आत ॲल्युमिनियमची चकती असेल तर तीच खाल्ली जाते आणि बंद बाटलीत वायू साठतो. झाकण उलटे करून पाहावे.

स्टेनलेस स्टील या सगळ्याला पुरून उरते, तरी साठवणीला मी ते नको म्हणेन. आपल्याकडे स्टीलचा डबा म्हणजे खाण्याचा आणि तांब्या म्हणजे पाण्याचा. भांड्याने रसायन सोसले की काम झाले असे नाही. घरातल्या चार वर्षांच्या मुलाला आणि नजर अधू झालेल्या आजीला त्या भांड्यात काय आहे असे वाटेल, हेही पाहावे लागते. इथे जॅक्सन यांचा वारसा पुढे जातो. कॅनडात विंडसरच्या डॉ. हेन्री ब्रो यांनी १९६७ मध्ये तळव्याने दाबून फिरवायचे, मुलांना न उघडणारे झाकण आणले. पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातून १९७१ मध्ये जीभ बाहेर काढलेल्या हिरव्या चेहऱ्याचे चिकटपत्र निघाले, कारण कवटी आणि हाडे पाहून मुलांना चाच्यांची गंमत आठवे, भीती वाटत नसे. १९७० च्या अंती झालेल्या अमेरिकन कायद्याखाली पुढे घरगुती वापराच्या कोरड्या मालात १० टक्के आणि द्रवात २ टक्के कॉस्टिक असला तरी असे झाकण सक्तीचे झाले. साबणाच्या लायमध्ये ते प्रमाण पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात असते. बरेच लोक निम्मे पाणी, निम्मा कॉस्टिक असे द्रावण आगाऊ करून ठेवतात, त्यात पन्नास.

आपल्याकडे ही खूणगाठ अजून पक्की झालेली नाही. दारावर येणारा फेरीवाला फिनेल आणि ॲसिड थंडपेयाच्या बाटलीतच देतो आणि आपण ते न्हाणीघरात ठेवतो. तंबाखूच्या चुन्याची प्लास्टिकची पुडी मुलाने दाबली आणि चुना डोळ्यात उडाला, असे रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे येत असतात. चुनाही क्षारच, कॉस्टिकहून पुष्कळ सौम्य, तरी बुबुळ जाळतो. पूर्वी पानदानातल्या धातूच्या चुनाळ्याने निदान असा फवारा उडत नसे. पुण्या-नाशकात, कोकणात नारळाच्या तेलाचा साबण करणारे बचतगट आणि हौशी गृहिणी वाढत आहेत. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच तेल ग्रॅमच्या हिशेबाने मोजणाऱ्या हातांनी कॅन निवडतानाही तेवढेच काटेकोर असावे असे वाटते.

पन्नास टक्के कॉस्टिकच्या एक लिटर द्रावणाचे वजन दीड किलो भरते, म्हणून कॅन छोटा, जाड भिंतीचा, मुठीत बसणाऱ्या कानाचा घ्यावा. काठोकाठ भरू नये. हे द्रावण १२ अंशांच्या आसपास थिजू लागते, त्यामुळे निफाड किंवा महाबळेश्वरच्या थंडीत तळाशी खडे दिसले तर ते बिघडले असे समजू नये. उबेत ठेवून विरघळू द्यावे आणि मगच मापावे, नाहीतर वरचे पाणी सौम्य येते आणि साबण फसतो. कॅनखाली प्लास्टिकचे घमेले ठेवावे, गळाले तर त्यात राहील. जागा कुलपाची आणि खालची, डोळ्यांच्या उंचीवरून ओतावे लागेल अशी फळी नको. दर काही महिन्यांनी कॅन रिकामा करून भिंत दाबून पाहावी, ठिसूळ वाटली तर टाकून द्यावा.

आणि त्यावर चिठ्ठी, पाण्याने न पुसणाऱ्या शाईने, १९२७ च्या त्या कायद्याने मागितली होती तशीच. वर मोठ्या अक्षरांत ‘विष’, वाचता न येणाऱ्यासाठी शेजारी चित्र. खाली पदार्थाचे नाव, द्रावणाची टक्केवारी, केल्याची तारीख, करणाऱ्याचे नाव. त्याखाली उपचार: अंगावर किंवा डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवत राहा, व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका. गिळल्यास ओकारी काढायला लावू नका, तोंड धुवून ताबडतोब रुग्णालयात न्या, आणि जाताना हा कॅन डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या.